मेलमध्ये मराठी उमटत नाही? संगणक फॉरमॅट करण्याआधी घड्याळाशेजारी पाहा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अद्ययावतने 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आणि त्याच्या आगेमागे आपल्याकडच्या अनेक पतसंस्था, वकिलांची कार्यालये, ग्रंथालये आणि छोटी साप्ताहिके विंडोज 11 असलेल्या संगणकांकडे वळली. अशा कार्यालयांतील संगणकांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय आहे, आणि या बदलानंतर एक तक्रार मला वारंवार ऐकू येते. वर्डमध्ये मराठी व्यवस्थित टाइप होते, पण आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये नवा मेल लिहायला घेतला की अक्षरे इंग्रजीच उमटतात, मध्येच गळतात, किंवा काही वेळ चालून टायपिंग बंद पडते. यावर सरसकट दिला जाणारा सल्ला म्हणजे आउटलुक काढून पुन्हा टाका, आणि तरीही जमले नाही तर संगणक फॉरमॅट करा. हा सल्ला बहुतेक वेळा अनावश्यक असतो आणि काही वेळा फार महागात पडतो, म्हणून या विषयावर सविस्तर लिहीत आहे.

महागात का पडतो, ते आधी सांगतो. लहान कार्यालयांतील मेल अजूनही बऱ्याच ठिकाणी पीओपी पद्धतीने येतो, म्हणजे तो सर्व्हरवरून उतरवून त्या एका संगणकावर साठवला जातो. आउटलुकमध्ये असे खाते जोडताना, आपण काही बदलले नाही तर, सर्व्हरवरील प्रत साधारण 14 दिवसांनी काढून टाकली जाते. त्यानंतर जुना पत्रव्यवहार केवळ पीएसटी नावाच्या फाइलमध्ये उरतो, आणि ती बहुधा डॉक्युमेंट्समधील ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये असते. थंडरबर्डचा मेल तर ॲपडेटा नावाच्या, एरवी न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये साठतो. फॉरमॅट करण्यापूर्वी डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स यांची प्रत घेण्याची काळजी बहुतेक जण घेतात, पण थंडरबर्ड वापरणाऱ्या कार्यालयाचा मेल या दोन्हींत नसल्यामुळे तो कायमचा जातो. वकिलांकडे पक्षकारांशी झालेला पत्रव्यवहार असतो, पतसंस्थेकडे लेखापरीक्षकांशी आणि सहकार खात्याशी झालेला असतो. टायपिंगच्या एका अडचणीसाठी हे सारे पणाला लावणे मला अत्यंत चुकीचे वाटते.

मूळ अडचण बहुतेक वेळा मेलच्या प्रोग्रॅममध्ये नसते. ती घड्याळाशेजारच्या सिस्टीम ट्रेमध्ये बसलेल्या मराठी टायपिंगच्या युटिलिटीत आणि मेलच्या प्रोग्रॅममध्ये होणाऱ्या संघर्षात असते. ट्रेमधील या युटिलिटी संगणक सुरू होताच आपोआप सुरू होतात. त्यांची खिडकी फुलीचे बटण दाबून बंद केली तरी त्या थांबत नाहीत, ट्रेमध्ये जाऊन बसतात, आणि विंडोज 7 पासून बरेचसे आयकॉन वर रोखलेल्या बाणामागे लपलेले असल्याने त्या चालू आहेत याचे भानही राहत नाही. आपण कीबोर्डवर दाबलेली कळ मेलच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचण्याआधी ही युटिलिटी ती मध्येच पकडते, रोमन अक्षराऐवजी देवनागरी अक्षर तयार करते आणि ते पुढे सोडते. देवडीवरच्या पहारेकऱ्याने प्रत्येक पत्र उघडून, भाषांतर करून आत पाठवावे, तसे हे काम आहे. ज्या वाड्यात त्याला प्रवेशच नाही, तिथे त्याचा उपयोग नाही.

हा प्रवेश नाकारला जाण्याचे पहिले कारण म्हणजे अधिकारांतील तफावत. विंडोज व्हिस्टापासून एक संरक्षण आले आहे, त्यानुसार साध्या अधिकारांनी चालणारा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या कळा वाचू शकत नाही आणि त्याला कळा पाठवूही शकत नाही. कधी तरी कोणी, कदाचित दुसऱ्याच एखाद्या तक्रारीवर उपाय म्हणून, आउटलुकच्या आयकॉनवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग कॉम्पॅटिबिलिटी या पानावर ‘हा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ या चौकटीत टिक केलेली असते. ट्रेमधील टायपिंगची युटिलिटी मात्र साध्या अधिकारांनी चालू असते. परिणामी वर्डमध्ये मराठी येते, ब्राउझरमध्ये येते, नोटपॅडमध्ये येते, फक्त आउटलुकमध्ये येत नाही, आणि दोष आउटलुकचा असल्याची सर्वांची खात्री पटते.

या कारणाच्या खुणा स्पष्ट आहेत, आणि त्या माहीत असतील तर निदानाला वेळ लागत नाही. अशा आउटलुकमध्ये फाइल एक्सप्लोररमधून फाइल ओढून मेलमध्ये टाकता येत नाही, कारण तेही याच संरक्षणामुळे अडते. शोध घ्यायला गेल्यास, प्रशासकाच्या अधिकारांनी चालणाऱ्या आउटलुकमध्ये तत्काळ शोध उपलब्ध नाही, अशा अर्थाची सूचना दिसते. वर्डमधून थेट मेलने दस्तऐवज पाठवण्याचा प्रयत्न फसतो. मराठी टायपिंग, फाइल ओढणे आणि शोध या तीन वेगवेगळ्या तक्रारी घेऊन एखादे कार्यालय महिनोन्महिने बसलेले असते आणि तिन्हींचे मूळ त्या एका टिकेत असते. ती टिक काढून आउटलुक पूर्ण बंद करून पुन्हा उघडले की काम होते. काही ठिकाणी याच्या उलट उपाय करतात, म्हणजे टायपिंगची युटिलिटीच ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवतात. त्याने टायपिंग सुरू होते हे खरे, पण प्रत्येक कळ वाचणाऱ्या प्रोग्रॅमला संगणकाचे सर्वोच्च अधिकार देणे मला सुरक्षेच्या दृष्टीने मान्य नाही. शिवाय मूळ चुकीची टिक जागेवरच राहिल्याने शोध आणि अटॅचमेंटच्या अडचणीही तशाच राहतात.

दुसरे कारण नव्या संगणकांसोबत आले आहे आणि सध्याच्या तक्रारींत त्याचा वाटा मोठा आहे. विंडोज आणि त्यावरचे प्रोग्रॅम दोन घडणींत मिळतात, जुनी 32-बिट आणि नवी 64-बिट. विंडोज 11 ची 32-बिट आवृत्ती नाही, ती केवळ 64-बिट आहे. ऑफिसही 2019 च्या आवृत्तीपासून, आपण वेगळी निवड केली नाही तर, 64-बिट बसते. थंडरबर्डनेही 2019 मधील 68 व्या आवृत्तीपासून विंडोजसाठी 64-बिट प्रोग्रॅम दिला. आपल्याकडच्या टायपिंगच्या अनेक युटिलिटी मात्र त्याआधीच्या, 32-बिट काळातील आहेत. 64-बिट विंडोजवर 32-बिट प्रोग्रॅम चालतो, त्याचा आयकॉनही ट्रेमध्ये येतो आणि भाषा बदलल्याचे तो दाखवतोही. परंतु ज्या युटिलिटी आपल्या कोडचा एक भाग दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत भरून काम करतात, त्यांना 32-बिट कोड 64-बिट प्रोग्रॅममध्ये भरता येत नाही. जुन्या 32-बिट आउटलुकमध्ये वर्षानुवर्षे चाललेली युटिलिटी 64-बिट आउटलुकमध्ये एकही अक्षर उमटवत नाही, याचे कारण हे आहे. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसेसच्या यादीत प्रोग्रॅमच्या नावापुढे 32-बिट असे लिहिलेले आहे का, ते पाहावे. आउटलुकमध्ये फाइल, ऑफिस अकाउंट आणि अबाउट आउटलुक या क्रमाने गेले की त्याची बिट-संख्या कळते. दोन्हींत फरक आढळला, तर युटिलिटी बनवणाऱ्यांकडे 64-बिट आवृत्तीची चौकशी करणे हा मार्ग आहे. आउटलुक कितीही वेळा काढून टाकले तरी हा फरक मिटणार नाही.

तिसरे कारण ओळखायला सर्वांत अवघड आहे, कारण ते येते आणि जाते. कळा पकडण्याच्या एका पद्धतीत प्रत्येक कळ आधी युटिलिटीकडे जाते आणि तिने उत्तर देईपर्यंत संपूर्ण संगणकाचे टायपिंग थांबून राहते. या थांबण्याला विंडोजने मर्यादा घातली आहे, आणि विंडोज 10 च्या 1709 या आवृत्तीपासून ती जास्तीत जास्त 1 सेकंद इतकीच असू शकते. मोठी मेलपेटी उघडताना, शोधाची सूची तयार होताना किंवा अँटिव्हायरसची तपासणी चालू असताना संगणक मंदावतो, युटिलिटीचे उत्तर वेळेत येत नाही, आणि असे पुन्हा पुन्हा घडले की विंडोज 7 पासूनची व्यवस्था तिला कोणतीही सूचना न देता कळा पकडणाऱ्या प्रोग्रॅमच्या साखळीतून काढून टाकते. युटिलिटीलाही याचा पत्ता लागत नाही. ट्रेमध्ये आयकॉन दिसतो, त्यावर मराठीची खूण दिसते, पण अक्षरे इंग्रजी येतात. अशा वेळी संपूर्ण संगणक बंद-चालू करण्याची गरज नसते. आयकॉनवर राइट-क्लिक करून एक्झिट निवडावे आणि युटिलिटी पुन्हा सुरू करावी. हे रोज घडत असेल तर संगणक नेमका कशामुळे मंदावतो ते शोधावे लागेल, आणि तेव्हा मेलच्या प्रोग्रॅमकडे व अँटिव्हायरसकडे वळणे योग्य ठरेल.

अक्षरे गळण्याची किंवा दुप्पट होण्याची तक्रार याहून वेगळी आहे. काही युटिलिटी आधी रोमन अक्षर उमटू देतात, मग बॅकस्पेस पाठवून ते पुसतात आणि त्या जागी देवनागरी अक्षर घालतात. आउटलुकमध्ये 2007 पासून मेल लिहिण्यासाठी वर्डचेच संपादन-यंत्र वापरले जाते, त्यामुळे तेथील ऑटोकरेक्ट याच वेळी इंग्रजी शब्द समजून दुरुस्ती करू लागतो, आणि बॅकस्पेस भलत्याच अक्षरावर पडतो. मेलपुरते ऑटोकरेक्ट बंद करून पाहिले की निदान होते. याच वर्गातील एक धोका मला विशेष गंभीर वाटतो. आउटलुक आणि थंडरबर्ड या दोन्हींत कंट्रोल आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की मेल पाठवला जातो. कळा पकडणाऱ्या युटिलिटीमुळे कंट्रोलची कळ सुटल्याची नोंदच झाली नाही, तर नवा परिच्छेद करण्यासाठी दाबलेल्या एंटरने अर्धवट पत्र निघून जाऊ शकते. आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये, मेलच्या पानावर, हा शॉर्टकट बंद करता येतो, आणि थंडरबर्डमध्ये पाठवण्याआधी खात्री विचारण्याची सोय आहे. वकिलांच्या कार्यालयांत तरी हे दोन्ही बदल आजच करून घ्यावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर शोध क्रमाने घ्यावा. कंट्रोलची कळ दाबून धरून आउटलुक उघडले की सेफ मोडमध्ये उघडू का, असे ते विचारते. थंडरबर्ड शिफ्टची कळ दाबून धरून उघडल्यास त्याचा ट्रबलशूट मोड मिळतो. या अवस्थेत मेलच्या प्रोग्रॅमला जोडलेली ॲड-इन्स, म्हणजे जादा सोयी देणारे छोटे पूरक प्रोग्रॅम, बंद असतात. तेथे टायपिंग सुरळीत झाले तर दोष एखाद्या ॲड-इनचा. तसेच बिघडलेले राहिले तर संशय बाहेरच्या प्रोग्रॅमवर, म्हणजे बहुधा ट्रेवर. मग ट्रेमधील एकेक युटिलिटी एक्झिट करून प्रत्येक वेळी मेलमध्ये टाइप करून पाहावे. आपल्याकडच्या कार्यालयांत या ट्रेमध्ये अँटिव्हायरस, प्रिंटर, क्लाउडवर फाइली चढवणारा प्रोग्रॅम, डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची युटिलिटी आणि कधी कधी मराठी टायपिंगच्या दोन-दोन युटिलिटी एकाच वेळी चालू असतात. टायपिंगच्या दोन युटिलिटी एकाच कळेवर भाषा बदलत असतील, तर दुसरे काही शोधण्याची गरजच नाही. टास्क मॅनेजरमधील स्टार्टअपच्या पानावरून एकीला कायमची रजा द्यावी. ट्रेमध्ये न दिसणाऱ्या सेवांचा संशय असेल, तर सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा यादीतून लपवून उरलेल्यांपैकी अर्ध्या बंद कराव्यात आणि पाहावे, मग उरलेल्यांच्या अर्ध्या. अँटिव्हायरस बंद करून पाहायचा असेल तर आधी इंटरनेट तोडावे आणि चाचणी संपताच तो पुन्हा सुरू करावा.

येथवर मी अक्षरे न उमटण्याबद्दल लिहिले. अक्षरे उमटतात, आपल्या पडद्यावर सुंदर दिसतात, आणि मेल ज्याला जातो त्याला मात्र अर्थहीन रोमन चिन्हे दिसतात, हा प्रकार आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयालाही नक्कीच परिचयाचा असेल. पुण्यातील सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीच्या श्रीलिपी या टायपिंगच्या युटिलिटींनी मराठी मुद्रणाला संगणकावर आणले. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेतांक देणारी पद्धत, सर्वत्र पोहोचण्याआधीच्या त्या काळात अक्षरांचे संकेतांक प्रत्येक फॉन्टमध्ये निराळे असणे अपरिहार्य होते, आणि त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून स्वतंत्र जागा आहे, आणि या युटिलिटींनीही पुढे युनिकोडची सोय दिली. तरीही कित्येक संगणकांवर त्या जुन्या फॉन्टच्या पद्धतीवरच ठेवलेल्या असतात, कारण पूर्वीचे मसुदे त्या फॉन्टमध्ये आहेत. मेलच्या मजकुरात फॉन्टचे नाव सोबत जाते, पण ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला कचराच दिसतो, आणि मेल साध्या मजकुराच्या स्वरूपात गेला तर फॉन्टचे नावही गळून पडते.

हे ओळखण्याची सर्वांत सोपी कसोटी मेलच्या विषयाच्या ओळीत आहे. विषयाच्या ओळीला फॉन्ट देताच येत नाही. तेथे केवळ अक्षरे जातात. म्हणून नवा मेल उघडून विषयाच्या ओळीत मराठीत आपले गाव टाइप करावे. ते तेथे देवनागरीत नीट दिसले तर युटिलिटी युनिकोडवर आहे. तेथे रोमन चिन्हांची खिचडी दिसली आणि खालच्या मजकुरात मात्र मराठी दिसत असेल, तर युटिलिटी जुन्या फॉन्टच्या पद्धतीवर आहे आणि ती बदलली पाहिजे. अशा पद्धतीने लिहिलेला मेल पुढे शोधतानाही सापडत नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने तो मराठी नसतोच. ही कसोटी प्रत्येक कार्यालयाने एकदा करून पाहावी.

माझे मत असे आहे की मेलपुरते तरी कळा मध्येच पकडणाऱ्या युटिलिटीवर अवलंबून राहणे आता सोडून द्यावे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषा या विभागात मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या प्रमाण रचनेचा, कीबोर्ड मिळतो. 2019 च्या मे महिन्यातील विंडोज 10 च्या आवृत्तीपासून, रोमन उच्चारांवरून टाइप करणाऱ्यांसाठी, मराठीसह 10 भारतीय भाषांचे फोनेटिक कीबोर्डही त्यात आले आहेत. विंडोजची आणि स्पेसबारची कळ एकत्र दाबली की भाषा बदलते. ही सोय विंडोजचाच भाग असल्याने 32-बिट की 64-बिट, साधे अधिकार की प्रशासकाचे, हे प्रश्न तिच्यापुढे उभे राहत नाहीत, आणि त्यासाठी पैसेही मोजावे लागत नाहीत. ज्यांचा हात टाइपरायटरच्या कीबोर्डवर बसलेला आहे, त्यांना हा बदल जड जातो, हे मी रोज पाहतो. वीस-पंचवीस वर्षांची सवय एका आठवड्यात बदला, असे कोणाला सांगणे योग्य नाही. अशा टंकलेखकांसाठी त्यांच्या कीबोर्डची रचना देणारी, युनिकोडवर आणि 64-बिटवर चालणारी युटिलिटी घेण्याचा खर्च कार्यालयाने करावा, कारण तो खर्च त्यांच्या कामाच्या गतीसाठी आहे.

युटिलिटी विकणाऱ्यांकडून अपेक्षा एवढीच आहे की कोणत्या मेल प्रोग्रॅमच्या कोणत्या बिट-संख्येवर आपले उत्पादन चालते, हे खरेदीपूर्वीच मराठीत स्पष्ट लिहावे, आणि विंडोजने साखळीतून काढून टाकल्यावर पुन्हा जोडून घेण्याची व्यवस्था प्रोग्रॅममध्येच करावी. ठरावीक अंतराने स्वतःची नोंदणी नव्याने करणे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला अवघड नाही. वृत्तपत्रांनीही वाचकांचा पत्रव्यवहार ज्या पानावर मागवला जातो, तेथे मजकूर युनिकोडमध्ये पाठवावा आणि मेलचा विषय मराठीत लिहावा, अशी एक ओळ छापावी. विषय वाचता आला की मजकूरही वाचता येईल, हे संपादकीय विभागाला मेल उघडण्याआधीच कळेल.

कार्यालयांना शेवटची सूचना अशी की नवी पद्धत स्वीकारताना जुनी युटिलिटी आणि तिचे फॉन्ट सर्व संगणकांवरून एकदम काढू नयेत. जुने ठराव, करारनामे आणि इतिवृत्ते त्याच फॉन्टमध्ये आहेत आणि ती वाचायला, छापायला तो फॉन्ट लागणारच. एका संगणकावर ती युटिलिटी स्टार्टअपमधून बंद ठेवून, लागेल तेव्हाच सुरू करता येईल अशी राखावी आणि त्या संगणकावर मेलचे खाते जोडू नये. जुने दस्तऐवज युनिकोडमध्ये रूपांतरित करायला घ्याल तेव्हा प्रत्येक पान मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे, विशेषतः ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतील ऱ्य आणि ऱ्ह, कारण रूपांतरात ही जोडाक्षरे सहज बिघडतात आणि आकड्यांच्या गर्दीत ती नजरेतून सुटतात.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली